भयपटाची डीव्हीडी: अंधारात चौकोन दिसतात, संवाद ऐकू येत नाहीत

खारघरकर
नमस्कार मंडळी. छोट्या बजेटचा मराठी भयपट आहे, 92 मिनिटांचा. बहुतेक चित्रीकरण ठाण्याजवळच्या येऊरच्या एका बंगल्यात, रात्री आणि पावसात. कॅमेरा मिररलेस, 24 फ्रेम, 10 बिट लॉग (ग्रेडसाठीचं फिकट चित्र). ग्रेड केलेला, म्हणजे रंग-उजेड बसवलेला मास्टर 1080, प्रोरेस 422 एचक्यू फाइल. 100 डीव्हीडी आणि 25 ब्ल्यू-रे काढायच्या आहेत.

चाचणीच्या डीव्हीडीत व्हरांड्यामागच्या अंधारात चौकोन वळवळतात आणि काळा रंग करडा दिसतो. संवाद पुटपुटल्यासारखे येतात, पण दार आपटलं की घर हादरतं. जमिनीखालून येणारी घरघर तर टीव्हीवर येतच नाही. शिवाय म्हातारीचे संवाद आगरी बोलीत आहेत, त्यांना प्रमाण मराठीत सबटायटल दिलंय, त्याची शिरोरेघ लुकलुकते. एन्कोडिंग (डिस्कसाठी फाइल दाबून लहान करणं) सगळं 'ऑटो'वर होतं, बिटरेट (दर सेकंदाचा डेटा) सरासरी 4.5 एमबीपीएस, ऑडिओ एसी-3 5.1. कुठून सुरुवात करू?

कोपरी_एडिट
आधी करड्या काळ्याचं बघा, कारण ते सुटल्याशिवाय बाकीचं तपासता येत नाही. व्हिडिओमध्ये उजेड आकड्यांत मोजतात: काळं 16 वर असतं आणि पांढरं 235 वर. एन्कोडरने तुमचा मास्टर 0 ते 255 चा समजला, तर तो ही पट्टी पुन्हा दाबतो आणि 16 चं काळं 30 च्या आसपास जाऊन बसतं. सुरुवातीला दोन सेकंद शुद्ध काळी फ्रेम ठेवा आणि एन्कोड झालेली फाइल स्कोपवर (उजेडाचे आकडे दाखवणाऱ्या आलेखावर) बघा. 16 दिसलं पाहिजे. त्याच वेळी कलर मॅट्रिक्स, म्हणजे रंग साठवण्याचं गणितही तपासा. एचडी मास्टर 709 या मानकात असतो, डीव्हीडीला 601 लागतं. हे रूपांतर राहिलं की चेहऱ्यांचा रंग बिघडतो, आणि मेणबत्तीच्या उजेडात ते लगेच कळतं.

आता चौकोन. डीव्हीडी 8 बिटची. 16 ते 40 या पट्ट्यात जेमतेम 24 पायऱ्या, आणि तुमचा अख्खा व्हरांडा त्यातच आहे. त्यात एन्कोडरला अंधार म्हणजे बिट वाचवायची जागा वाटते. क्रम असा ठेवा:

पहिल्यांदा कॅमेऱ्याचा नॉइज हलक्या टेम्पोरल डीनॉइजने (लागोपाठच्या फ्रेमची तुलना करणाऱ्या फिल्टरने) कमी करा. वाढवलेल्या आयएसओचा नॉइज डागाडागांचा असतो, फ्रेमगणिक हलतो आणि बिटरेट खातो. तो पूर्ण पुसू नका, भिंती प्लास्टिकच्या दिसायला लागतात. मग 720×576 ला, म्हणजे डीव्हीडीच्या चित्राच्या आकाराला, स्केल करा, आणि स्केल केल्यानंतर अगदी बारीक, एकसारखा ग्रेन घाला, मुख्यतः सावल्यांत. आधी घातलेला ग्रेन स्केलिंगमध्येच विरतो. 10 वरून 8 बिटला येताना डिदर (पायऱ्या लपवणारा बारीक यादृच्छिक नॉइज) चालू असू द्या.

एन्कोडरमध्ये 'इंट्रा डीसी प्रिसिजन' 10 बिट करा. ऑटोमध्ये ते बऱ्याचदा 8 असतं. तेव्हा प्रत्येक 8×8 ब्लॉकची सरासरी पूर्ण आकड्यावर येऊन बसते आणि अंधाराच्या उतारावर नेमके तेच चौकोन दिसतात. 10 केल्यावर ही पायरी पाव होते.

बिटरेटचा हिशोब: 720×576 ची (पॅल) डीव्हीडी सेकंदाला 25 फ्रेमने चालते, म्हणून सिनेमा थोडा वेगाने चालवून 24 चं 25 केल्यावर 92 मिनिटांचा सिनेमा 88 मिनिटं 19 सेकंदांचा होतो. 4.7 जीबीच्या डिस्कवर सगळं मिळून सुमारे 7.1 एमबीपीएस बसतात. ऑडिओचे 0.448, मेन्यू आणि थोडी मोकळी जागा वजा करून व्हिडिओची सरासरी 6.2 ठेवा, कमाल 8, टू-पास व्हीबीआर (दोन फेऱ्यांत, दृश्यानुसार बदलणारा बिटरेट). स्टँडर्ड 9.8 पर्यंत परवानगी देतं, पण घरी बर्न केलेली डिस्क जुने प्लेयर तेवढ्या वेगाने नीट वाचत नाहीत, पावसाच्या दृश्यात अडखळतात. जीओपी (दोन पूर्ण फ्रेममधला फ्रेमचा गट) 15 फ्रेमच्या वर नको.

ध्वनी_वाशी
घरघर गायब व्हायचं कारण बहुधा हे: ती फक्त एलएफई चॅनलमध्ये (5.1 मधला सबवूफरचा '.1') आहे. स्टिरिओ टीव्हीसाठी डाउनमिक्स करताना, म्हणजे 5.1 चे दोन चॅनल करताना, प्लेयर सहसा एलएफई टाकूनच देतात. त्यामुळे तोच आवाज मुख्य चॅनलमध्येही घ्या आणि त्यावर थोडं सॅच्युरेशन (हलकं डिस्टॉर्शन) द्या, म्हणजे 150 ते 300 हर्ट्झमध्ये हार्मोनिक्स, म्हणजे मूळ सुराच्या पटीतले वरचे सूर, तयार होतील. टीव्हीचे छोटे स्पीकर 40 हर्ट्झ वाजवू शकत नाहीत, पण हार्मोनिक्स ऐकून कान खालचा सूर भरून घेतो.

संवादांसाठी डायलनॉर्म (एसी-3 मध्ये भरायचा संवादांच्या पातळीचा आकडा) बघा. संवादांची पातळी प्रत्यक्ष मोजा आणि तोच आकडा भरा. संवाद -27 डीबीवर असताना -20 भरलं, तर प्लेयर सगळंच 7 डीबी जास्त खाली आणतो, लोक रिमोटने आवाज वाढवतात आणि पुढच्याच क्षणी दार आपटतं. स्वतंत्र स्टिरिओ मिक्स दुसरा ट्रॅक म्हणून द्या, 192 केबीपीएस पुरेत. तो तुमच्या हिशोबात बसतो. त्या मिक्समध्ये दाराचा आघात 4-5 डीबी खाली घ्या. दचकवण्याचं काम आघाताआधीची शांतता करते, आवाजाची पातळी त्यामानाने कमीच.

25 फ्रेम केल्यावर आवाज सुमारे 0.7 सेमीटोन वर जातो. पिच करेक्शन फक्त संवादांच्या स्टेमला (वेगळ्या ठेवलेल्या ट्रॅकला) लावा. किंकाळ्या, काचा आणि रातकिडे यांना लावलं तर कडा विस्कटतात, येऊरचे रातकिडे धातूसारखे किणकिणायला लागतील.

खारघरकर
फार मोलाची माहिती, दोघांचेही आभार. ब्ल्यू-रेलाही 25 करायचं का? आणि शिरोरेघ?

कोपरी_एडिट
नाही, ब्ल्यू-रे 24 लाच ठेवा. 1080 मध्ये 24 चालतं, 25 प्रोग्रेसिव्ह मूळ स्टँडर्डमध्ये नाही. एक्स264 हा एन्कोडर वापरत असाल तर या सेटिंग ठेवा: ब्ल्यूरे-कॉम्पॅट, लेव्हल 4.1, व्हीबीव्ही मॅक्सरेट 40000, बफर 30000, स्लाइस 4, की-इंट 24. सोबत एक्यू-मोड 3 लावा, तो अंधाऱ्या भागाला जास्त बिट देतो. 92 मिनिटांना 25 जीबीत सरासरी 28-30 एमबीपीएस आरामात बसतात.

शिरोरेघ एकाच ओळीची जाड असेल तर इंटरलेस्ड टीव्हीवर लुकलुकणारच. तिथे चित्राच्या एकाआड एक ओळी दोन फील्डमध्ये आळीपाळीने दिसतात, आणि ती रेघ एका फील्डमध्ये असते, दुसऱ्यात नसते. ठळक देवनागरी फॉन्ट घ्या, रेघ किमान 2, शक्यतो 3 पिक्सेल. डीव्हीडीचं सबटायटल हे चारच रंगांचं चित्र असतं, म्हणून सावली, ग्लो टाळा. अक्षर, कडा, मधला करडा आणि पारदर्शक इतकंच. जोडाक्षरं आणि रफार चित्र तयार झाल्यावर तपासा, काही ऑथरिंग (डिस्क रचण्याची) सॉफ्टवेअर 'र्‍ह' आणि 'क्ष' तोडतात.

डिस्क_कळवा
बर्निंगबद्दल. इंकजेट प्रिंटेबल डिस्क घ्या, 8x वर बर्न करा आणि प्रत्येक प्रत व्हेरिफाय करा. कागदी लेबल चिकटवू नका. आपल्याकडच्या पावसाळ्यात कागद ओलावा धरतो, फुगतो, डिस्कचा तोल जातो आणि बाहेरच्या कडेकडचा भाग, म्हणजे सिनेमाचा शेवटच, अडकायला लागतो.

विकणार असाल तर वेष्टनाकडेही लक्ष द्या. कॉपीराइट कायद्याच्या कलम 52अ नुसार चित्रपट दाखवताना पडद्यावर आणि डिस्क वा वेष्टनावर, प्रमाणपत्र लागणाऱ्या चित्रपटासाठी सेन्सॉर प्रमाणपत्राची प्रत, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, आवश्यक परवाना वा संमती घेतल्याचं निवेदन आणि कॉपीराइट मालकाचं नाव-पत्ता लागतो. कव्हरचं डिझाइन करतानाच मागच्या बाजूला ही जागा सोडा.

कोपरी_एडिट
एक राहिलं. 100 प्रती काढायच्या आधी व्हरांडा, पाऊस आणि आगरी संवाद असे तीन तुकडे मिळून 6-7 मिनिटांची डीव्हीडी-आरडब्ल्यू करा. ती एका जुन्या प्लेयरवर आणि एका नव्या एलईडीवर बघा, खोलीतला दिवा बंद करून आणि टीव्हीचा 'व्हिविड' मोड काढून. व्हिविडमध्ये सावल्या उचलल्या जातात आणि नसलेले चौकोनही दिसतात.