१८५/६५ आर१४ ‘बसतंय’ म्हणतात, बसवू का?

तवंदीघाट:
नमस्कार मंडळी. गाडी स्विफ्ट व्हीएक्सआय, २०१९ची. टायरवर १६५/८० आर१४ ८५टी असं आहे. चारही गोटा व्हायला आलेत. इथं निपाणीत ज्या दुकानात विचारलं तिथं हा साइज शिल्लक नाही. दुकानदार म्हणतो, ‘१८५/६५ आर१४ घाला, रिम तीच, रुंद टायर रस्ता चांगला धरतंय. टॉप मॉडेलला कंपनीच १८५/६५ देते.’ १८५ म्हणजे टायर मोठाच की ओ? कणकुंबीवरून चोर्ला घाटानं गोव्याला नेहमी जाणं असतं.

रबरवाला_खानापूर:
रुंदीला मोठा, उंचीला लहान. गोंधळ मधल्या आकड्याचा आहे.

१६५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ८० हे मात्र टक्के: कडेची उंची रुंदीच्या ८० टक्के, म्हणजे १३२ मिमी. आर म्हणजे रेडियल, टायरच्या आतल्या दोऱ्यांची एक रचना. रेडियस नव्हे, तसं छातीठोक सांगणारे बरेच भेटतील. १४ हा रिमचा व्यास, तो इंचात. एका ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच, कुणाचंही डोकं फिरेल.

आता हिशेब. १४ गुणिले २५.४ म्हणजे ३५५.६ मिमी. कड रिमच्या वर एकदा, खाली एकदा, म्हणून १३२ची दुप्पट २६४ मिळवा. तुमच्या चाकाची उंची ६१९.६. दुकानदाराचा टायर: १८५चे ६५ टक्के १२०.२५, दुप्पट २४०.५, एकूण ५९६.१. साडेतेवीस मिमीनं बुटका, ३.८ टक्के. गाडी १२ मिमी खाली बसेल, स्पीडब्रेकरवर पोट घासायला तेवढं पुरतं. चाक लहान म्हणून फेरे जास्त, किलोमीटर भराभर पडतील. मायलेज वाढल्यासारखं दिसेल, ते खोटं.

टॉप मॉडेलचं त्यानं अर्धंच सांगितलं. तिथं १८५/६५ असतो, पण आर१५. उंची ६२१.५, तुमच्यापेक्षा दोनच मिमी जास्त. रिम इंचभर वाढली म्हणून कड कमी केली, हा सगळा त्यातला खेळ.

१४ची रिम ठेवून रुंद टायर हवाच असेल तर १८५/७० आर१४ बघा. ६१४.६, फरक एक टक्क्याच्या आत. घातल्यावर स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून आत कुठं घासत नाही ना ते तपासा. पण मला विचाराल तर मूळ साइजच मागवून घ्या, चार दिवस थांबावं लागलं तरी.

जांबोटी_रोड:
शेवटचं ८५टी कुणी बघतच नाही. ८५ हे किलो नव्हेत, तो वजन पेलण्याचा कोड आहे: एका टायरला ५१५ किलो. टी म्हणजे ताशी १९० किमीपर्यंत, एच २१०. साइज बदलला तरी हे दोन्ही मूळपेक्षा खाली जाऊ देऊ नका. १७५/६५ आर१४ पण ‘बसतो’, पण त्यावर सहसा ८२ असतं, म्हणजे ४७५ किलो. चार टायर मिळून १६० किलोंची ताकद गेली. पाच माणसं आणि भरलेली डिकी घेऊन घाट चढताना तो टायर तापणार.

तवंदीघाट:
आता कळलं. आणखी दोन शंका. दुकानदाराच्या त्या टायरच्या कडेवर लांबट चौकटीत २३२२ आहे, ते काय? आणि सध्या दोनच नवे घेतले तर पुढं घालू ना? पुढचेच लवकर झिजतात.

रबरवाला_खानापूर:
२०२२चा २३वा आठवडा, म्हणजे जूनमध्ये तयार झालेला माल. हे चार आकडे बहुतेक एकाच बाजूला असतात. ती बाजू आत बसली की दिसत नाहीत, म्हणून बसवण्याआधीच बघा. माल दोन वर्षांहून जुना असेल तर भाव पाडा, नाहीतर दुसरा मागा.

नवे दोन मागं घाला. झिजतात पुढचे, हे खरं. पण ओल्या रस्त्यावर पुढचं चाक घसरलं तर गाडी सरळ जाते, ॲक्सिलरेटर सोडला की सहसा सावरते. मागचं घसरलं तर गाडी गर्रकन फिरते. चोर्ल्याच्या वळणांवर पावसात ते सावरायला जागा नाही. जुने पुढं ठेवताना खाचेतल्या टीडब्ल्यूआयच्या (झीज दाखवणाऱ्या खुणेच्या) उंचवट्याशी नक्षी आली आहे का बघा. तो १.६ मिमीवर असतो, तिथवर आलं की टायर संपला.

जांबोटी_रोड:
हवा भरताना कडेवरचं ४४ पीएसआय बघून भरू नका. ती कमाल मर्यादा आहे. गाडीचं प्रेशर ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावरच्या स्टिकरवर, आणि ते थंड टायरचं.

चिकोडी_मालवाहू:
मध्येच विचारतो. छोटा हत्तीच्या टायरवर १४५ आर१२ एलटी ८पीआर आहे. टक्के कुठं गेले?

रबरवाला_खानापूर:
टक्के लिहिले नसतील तर साधारण ८०-८२ धरतात. एलटी म्हणजे हलक्या मालवाहू गाडीचा. ८पीआर म्हणजे आठ थरांच्या ताकदीचा. आत खरोखर आठ थर असतीलच असं नाही. १२च्या रिमला कारचाही टायर चढतो, स्वस्तही पडतो. उसाचं बेणं भरून दोन खेपा केल्या की कडेला फुगा येतो.