गाव दत्तक घ्यायचं की घर बांधायला पैसे हाती द्यायचे?

माळवद

म्यानमारमध्ये 28 मार्च 2025 ला 7.7 तीव्रतेचा भूकंप झाला तेव्हा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दोन सूचना आल्या. जुने कपडे गोळा करू, आणि रक्कम मोठी जमली तर एखादं गाव दत्तक घेऊ. दोन्ही मनापासूनच्या होत्या. पण माझं मूळ गाव औसा तालुक्यातलं. गाव दत्तक घेण्याची भाषा ऐकली की मला किल्लारीचा भूकंप आठवतो, म्हणून हा धागा काढतोय.

30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. तीव्रता 6.2, म्हणजे जगाच्या हिशेबात मध्यम. तरी सरकारी नोंदीनुसार 7,928 माणसं गेली. मारलं ते भिंतींनी. दोन-अडीच फूट जाडीच्या, मातीत रचलेल्या गोट्यांच्या भिंती आणि वर माळवदाची, म्हणजे सपाट धाब्याची, माती, जी दर पावसाळ्याआधी आणखी चढवली जायची. बऱ्याच घरांत लाकडी खांब-तुळयांचे खण उभेच राहिले आणि भिंती अंगावर आल्या. तेव्हाच्या नकाशात आमचा भाग सर्वांत कमी धोक्याच्या, म्हणजे पहिल्या, पट्ट्यात होता.

पुढे जागतिक बँकेच्या कर्जातून पुनर्वसन कार्यक्रम आला. 52 गावं नव्या जागी हलवली आणि त्यांतली पुष्कळ संस्थांनी, कंपन्यांनी, दात्यांनी बांधून दिली. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्याला 250 चौरस फुटांचं घर, त्यावर सात हेक्टरपर्यंत 400, त्याहून जास्त असेल तर 750. काटकोनात रस्ते, एकसारखी खोकी. शेतकऱ्याच्या घरात धान्य साठवायला बळद लागतं, बैलाला गोठा लागतो, दारात बसाउठायला ढाळज लागते, याचा विचार नकाशात नव्हता. आज नव्या गावांतून फिरा. काँक्रीटच्या खोलीला लागून पत्र्याची शेड, शेडमध्ये चूल, कडब्याची गंज, म्हशी. माणसं शेडमध्येच राहतात आणि खोलीत सामान ठेवतात.

माझं म्हणणं एवढंच. दात्याने घर बांधून देऊ नये. पैसा टप्प्याटप्प्याने कुटुंबाच्या हाती द्यावा, गवंडी तयार करावेत, इंजिनिअर गावात बसवावा. घर ज्याचं त्याने बांधावं.

तेरणाकाठची

दादा, तुम्ही औशाचे, मी लोहाऱ्याकडची. तुमचं गाव पडलं नव्हतं असं धरून बोलते, चुकलं तर सांगा.

ज्या घरातली चार माणसं ढिगाऱ्याखाली गेली, त्या घरात उरलेल्या बाईला तुम्ही सिमेंटची पोती मोजायला सांगणार होता का? भूकंपानंतर पाऊस लागला होता. रस्ता बघ्यांच्या गाड्यांनी तुंबला होता, मदतीचे ट्रक मागे अडकले होते. आमच्याकडे लोक कित्येक महिने छताखाली झोपले नाहीत. माझी आत्या पुढची अनेक वर्षं पावसाळ्यातही ओसरीत झोपायची, दगडाच्या भिंतीला टेकायचीसुद्धा नाही. गाव हलवा ही मागणी लोकांचीच होती. त्या जागेवर परत जायला कुणी तयार नव्हतं.

आणि 250 चौरस फुटांना नावं ठेवताना हेही बघा, की ज्या बाईचं जुन्या गावात गावकुसाबाहेर कुडाचं झोपडं होतं, तिला पहिल्यांदा स्वतःच्या नावाची पक्की भिंत मिळाली. पैसा हातात दिला असता तर तो आधी सावकाराकडे गेला असता. मग पोरीच्या लग्नाला. मग दारूला. घर बांधायचं राहूनच गेलं असतं.

माळवद

ताई, आमच्या घराच्या भिंती फुटल्या होत्या, माणसं वाचली. त्यामुळे तुमच्या आत्यांचं दुःख मला कळतं असं म्हणणार नाही.

पहिल्या महिन्यांचं तुमचं म्हणणं मान्य. तेव्हा तंबू, पत्रे, अन्न, दवाखाना हे बाहेरूनच यायला हवं, आणि लष्कर आलं म्हणून पुष्कळ जण वाचले. मी बोलतोय त्यानंतरच्या वर्षांबद्दल. पण भूमिहीनाला 250 आणि बागायतदाराला 750 हे तुम्हाला न्यायाचं वाटतं? ज्याच्याकडे आधी होतं त्याला तिप्पट. जुन्या गावातली उतरंड काँक्रीटमध्ये ओतली आपण, तीही देणगीच्या पैशात.

तेरणाकाठची

ते न्यायाचं होतं असं मी कधीच म्हटलं नाही. पण तुमच्या पद्धतीत भूमिहीनाला 250 तरी मिळालं असतं का, ते सांगा.

ओळंबा

मी स्थापत्य अभियंता. भूकंपानंतर दुरुस्तीच्या गावांत तरुणपणी काम केलंय, म्हणून थोडं त्या बाजूचं सांगतो. किल्लारीची चर्चा नेहमी हलवलेल्या 52 गावांवर अडते, पण त्याच कार्यक्रमात हजाराहून जास्त गावं अशी होती जिथे घरं जागेवरच दुरुस्त आणि मजबूत करायची होती. तिथे पैसा मालकाला मिळत होता आणि गावोगावी बायकांना संवाद सहायक म्हणून नेमलं होतं. स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था त्यात होती. त्या बाया गवंड्याला थांबवून विचारायच्या, भिंतीच्या आरपार जाणारा दगड कुठे टाकलास? कोपऱ्यात सळई का नाही? लिंटेलच्या, म्हणजे दार-खिडक्यांच्या वरच्या, पातळीला काँक्रीटचा पट्टा सलग आहे का? मी स्वतः एका बाईला गवंड्याकडून अर्धी भिंत उतरवून घेताना पाहिलंय, कारण दोन्ही तोंडांचे दगड एकमेकांत गुंतवलेच नव्हते, मध्ये नुसता चुरा भरला होता. तिला दुसरीच्या पुढे शिक्षण नव्हतं. दाते बांधत असलेल्या गावांत असं कुणी विचारत नव्हतं, कारण तिथे घर ठेकेदाराचं होतं, राहणाराचं नव्हतं.

पण माळवद, तुमच्या बाजूला एक मोठं भोक आहे. लोकांनी दगडात बांधणंच कायमचं सोडलं. दगड वाईट नव्हता, बांधणी वाईट होती. आता तेच लोक स्वतःच्या पैशाने काँक्रीटच्या खोलीला चिकटवून सळईशिवाय विटांच्या भिंती चढवतात, वर स्लॅब टाकतात. पुढचा धक्का आला तर मारणारी भिंत ही असेल. मालकाने बांधलं म्हणजे मजबूत बांधलं, असं होत नाही. देखरेख तीस वर्षं टिकत नाही आणि गवंडी जुनीच सवय परत धरतो.

कच्छची_सून

माहेर सोलापूर, सासर भुजजवळ. 26 जानेवारी 2001 ला भूकंप झाला तेव्हा मी तिथेच होते.

आमच्याकडेही आधी गावं हलवायची, दत्तक द्यायची भाषा सुरू झाली होती. बऱ्याच गावांनी नाही म्हटलं. मग सरकारने पैसे तीन हप्त्यांत खात्यात द्यायला सुरुवात केली, आणि इंजिनिअरने बांधकाम पाहून सही केल्याशिवाय पुढचा हप्ता नाही. बहुतेक घरं लोकांनीच बांधली. माझ्या सासऱ्यांनी चुलीची जागा स्वतः ठरवली, भावाच्या घराशी भिंत जोडून ठेवली, गोठा मागे घेतला. आणि लातूरकडच्या बायका तिकडे येऊन बसल्या होत्या, आमचं काय चुकलं ते सांगायला. मराठी कानावर पडलं म्हणून मी धावत गेले होते.

पण भुज शहरात वेगळं झालं. जुन्या कोटातल्या गल्ल्यांचा आराखडा ठरेपर्यंत लोक तात्पुरत्या निवाऱ्यात खितपत पडले. आणि जे भाडेकरू होते त्यांचे हाल कुणी विचारले नाहीत. ज्याचं घर होतं त्याला हप्ता. ज्याचं नव्हतं त्याला काय?

ढाळज

मी यात मुलांबद्दल बोलणार आहे, कारण घरांच्या भांडणात ती मागे राहतात. किल्लारीनंतर शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने सुमारे 1,200 मुलांना शिक्षणासाठी पुण्याला नेलं, वाघोलीला. त्यातली पुष्कळ शिकली, पायावर उभी राहिली, ते काम मोठं आहे. पण मला जास्त पटलं ते पन्नालाल सुराणांचं 'आपलं घर', नळदुर्गजवळचं मुलांच्या राहण्या-शिकण्याचं ठिकाण. मुलं जिल्ह्यातच राहिली. सुट्टीत मामाच्या गावी जाता आलं, भाषा तुटली नाही. ज्ञानप्रबोधिनीने हराळीला शाळा काढली, तीही तिथेच. सास्तूरचं स्पर्श रुग्णालय आजही चालू आहे.

म्हणून मी दोघांशीही असहमत. रोख की घर, हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे. जो कॅमेरे गेल्यावर तिथे राहतो त्याला पैसे द्या. एका दवाखान्याचा दहा वर्षांचा पगार कुणी देतं का? कोनशिलेला सगळे पुढे येतात, नर्सच्या पगाराला कुणी नाही.

माळवद

ढाळज, हे मान्य. पण पुण्याला नेलेल्या मुलांबद्दल तुम्ही घाई करताय असं वाटतं. 1993 मध्ये तेवढ्या मुलांना लगेच सामावून घेईल अशी जागा आमच्या भागात कुठे होती? मिळेल तिथे न्यावंच लागलं.

कच्छची सून, भाडेकरूंचा मुद्दा माझ्या बोलण्यात नव्हताच, आणि तो मोठा आहे. नेपाळात 2015 च्या भूकंपानंतर हेच झालं. सुमारे 9 हजार माणसं गेली, सरकारने घरामागे 3 लाख नेपाळी रुपये तीन हप्त्यांत द्यायचं ठरवलं, पहिला हप्ता 50 हजारांचा. पण जमिनीचा कागद, लालपुर्जा, लागायचा. ज्यांच्याकडे तो नव्हता ते यादीच्या बाहेर राहिले. तेरणाकाठची ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर यात आहे. नुसता पैसा दिला तर भूमिहीन सुटतो. म्हणून दात्यांच्या पैशातून आधी त्यांच्यासाठी जमीन घ्यावी. घराचा पैसा त्यानंतर.

तेरणाकाठची

आता बोललात. मग तुमच्या ग्रुपवर हे लिहा, की पैसे घरासाठी नाहीत, जागेसाठी आहेत. बघू किती जमतात. जमिनीवर दात्याच्या नावाची पाटी लावता येत नाही, म्हणून ते पैसे कुणी देत नाही.

आणि तरी मी एक सोडणार नाही. हप्ता कुणाच्या खात्यात जाणार? आमच्याकडे नवरा गेलेल्या बाईच्या नावे आलेला पैसा दिराने काढला आणि तिच्या अंगठ्याचा ठसा तहसीलच्या कागदावर घेतला, हे माझ्या डोळ्यांसमोरचं आहे. दात्याने बांधलेली खोली निदान दिराला उचलून नेता आली नसती.

ओळंबा

ताई, मग खातं बाईच्याच नावे, हप्ता काढायला ती स्वतः हजर, आणि सहीच्या वेळी गावातली दुसरी एक बाई साक्षीला. संवाद सहायक बायांकडून हे काम सहज झालं असतं, फक्त त्यांना तेवढा अधिकार कुणी दिला नाही. म्यानमारसाठी मी पैसे पाठवताना संस्थेला हेच विचारलं होतं, की हप्त्याची पावती कुणाच्या हातात जाते. उत्तर आलं नाही, म्हणून मी दुसऱ्या संस्थेला पाठवले.