तांदळाच्या पोत्यावर विकलेले की मूर्तिपूजक? एकदा काय ते ठरवा

गोदाकाठचा
मी कॅथलिक, वैजापूर तालुक्यातला. आमच्याकडं घोगरगावचं मिशन १८९२ पासूनचं, निजामाच्या राज्यातलं. नाताळच्या शुभेच्छा टाकल्या की खाली पहिली प्रतिक्रिया ठरलेली: ‘तांदळाच्या पोत्यावर विकले गेलेले’, म्हणजे धान्यासाठी धर्म बदललेले. ८ सप्टेंबरला मरियामातेच्या सणाचा फोटो टाकला की दुसरे येतात, तेही येशूचंच नाव घेणारे: ‘मूर्तिपूजक, नरकात जाल.’ एकाला वाटतं आम्ही परके झालो, दुसऱ्याला वाटतं पुरते परके झालोच नाही!

शिव्यांना मी उत्तर देत नाही. आरोपाला देतो.

मराठवाड्याचं पोट ज्वारीवर, हे राहू द्या. ७२ च्या दुष्काळात सगळ्या मुलखानं अमेरिकेची लाल मिलो ज्वारी खाल्ली, सुकडी खाल्ली. त्यातली किती गावं ख्रिस्ती झाली? आणि फायद्याचा हिशोबच मांडायचा तर नीट मांडा. १९५० च्या राष्ट्रपती आदेशानुसार अनुसूचित जातीतला माणूस ख्रिस्ती झाला की तो दर्जा जातो. शिखांना तो १९५६ ला मिळाला, बौद्धांना १९९० ला. आम्हाला नाही. त्या दर्जाची शिष्यवृत्ती गेली, ग्रामपंचायतीची राखीव जागा गेली, ॲट्रॉसिटी कायद्याचं संरक्षणही गेलं. एवढं सोडून पोतंभर तांदूळ घेणारा माणूस मला दाखवा.

देवगिरी_किल्ला
मिलो सरकारनं वाटली होती भाऊ. तिच्या मागून कुणी प्रार्थना शिकवायला येत नव्हतं. उदाहरण बसत नाही. दुसरं, कागदावर हिंदू आणि रविवारी चर्चला, असे लोक आमच्या गावात आहेत. त्यांचं काय गेलं? आणि गोव्याच्या इन्क्विझिशनवर, म्हणजे पोर्तुगीजांच्या काळातल्या चर्चच्या धर्मन्यायालयावर, तुमचा एक शब्द नाही. १५६० पासून १८१२ पर्यंत चाललं ते.

गोदाकाठचा
चाललं, आणि वाईट चाललं. त्याचं समर्थन मी करणार नाही. १२ मार्च २००० ला पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोममध्ये, भर उपासनेत, चर्चच्या लोकांनी सत्याच्या नावाखाली केलेल्या जबरदस्तीबद्दल क्षमा मागितली. गोव्याचं नाव घेतलं नाही, घ्यायला हवं होतं. पण पोर्तुगीजांचं राज्य वैजापूरपर्यंत कधी आलंच नव्हतं. त्यांचं पाप माझ्या पणजोबाच्या खात्यावर टाकायचं कामून?

कागदाचं म्हणाल तर हो, असे लोक आहेत. धर्म खरा सांगितला तर पोराची शिष्यवृत्ती जाते, म्हणून ते लपवतात. लपवणं मला पटत नाही. पण लपवायला लावणारा आदेश तुम्हाला पटतो का?

वचन_एवढेच
ब्रदर, सरकारी आदेश सोडा, देवाची आज्ञा बघा. बायबलमधलं निर्गम २०: कोरीव मूर्ती करू नको, तिच्या पाया पडू नको. यात समजायला अवघड काय आहे?

गोदाकाठचा
त्याच निर्गमात पाच अध्याय पुढं देव कराराच्या पवित्र पेटीवर सोन्याचे करूब, म्हणजे पंखवाले देवदूत, करायला सांगतो. गणना २१ मध्ये पितळेचा साप करायला सांगतो. आम्ही मरियेचा मान ठेवतो, उपासना देवाचीच. हा फरक ७८७ च्या निकिया इथल्या चर्चच्या परिषदेत मांडलेला आहे. आणि ‘सर्व पिढ्या मला धन्य म्हणतील’ हे लूकनं लिहिलंय, आमच्या फादरनं नाही.

वचन_एवढेच
साप आठवला, पुढचं विसरलात. लोक त्याच सापापुढं धूप जाळायला लागले तेव्हा हिज्कीया राजानं तो फोडला. २ राजे १८:४. हरेगावच्या मतमाउलीच्या, म्हणजे मरियेच्या, यात्रेत जाऊन बघा, नवस कुणाला बोलतात ते. परिषदेतला फरक तिथल्या गर्दीला कुणी सांगितलाय?

गोदाकाठचा
वचन बरोबर काढलंत. पण तो साप केल्या दिवशी फोडला नव्हता, पिढ्यानपिढ्या ठेवला होता. बिघडलं तेव्हा फोडला. नवसाचं म्हणणं मात्र आमच्या फादर लोकांनी ऐकावं असंच आहे. यात्रेतलं प्रवचन त्यावर झालं पाहिजे.

छावणीची_लेक
दादा, मीही कॅथलिक. तुमचं एकेक वाक्य खरं, पण याचे स्क्रीनशॉट कुठं जातात ठाऊक आहे का? गावाच्या ग्रुपवर. तिथून मिशनच्या बोर्डिंगच्या दारात. तुम्ही फोनवर वाद जिंकता, आणि दार उघडायला सिस्टर जातात. बायबलात पेत्र उत्तराला तयार राहा म्हणतो, पण सौम्यपणे. ‘माणूस मला दाखवा’ हे सौम्य आहे का?

गोदाकाठचा
ताई, गप्प बसलो तर लोक खरंच धरून चालायलेत. माझा पोरगा शाळेत ‘पोतं’ ऐकून आला. त्याला काय सांगू, सौम्य राहा?

छावणीची_लेक
त्याला सगळं सांगा. आदेश, १९५०, सगळं. इथं रात्री साडेअकराला देवगिरीवाल्यांना सांगून काय मिळतं?

मिलिंद_वाचक
जय भीम. मी कुणाच्याच बाजूनं नाही. १९५६ ला आम्हीही धर्म सोडला, आणि केंद्राच्या सवलती ३४ वर्षं नव्हत्या. तरी धम्म टिकला. म्हणून पोत्याचा टोमणा मलाही खोटाच वाटतो. पण गोदाकाठ, एक सांगा. दर्जा मागताना तुम्ही म्हणता, बाप्तिस्मा झाला तरी जात सुटत नाही. चर्चच्या आत सुटली का? सोयरीक जमवताना आधीची जात विचारता की नाही?

गोदाकाठचा
विचारतात. आमच्या घरातही विचारली जाते. बाहेरचा जात विसरत नाही म्हणून दर्जा हवा, आणि आतलाही विसरत नाही ही आमची लाज. दोन्ही खरं.

देवगिरी_किल्ला
म्हणजे आदेश बदलला तर लपलेले सगळे उघड होतील? किती निघतील?

गोदाकाठचा
बदला, मग मोजू.

मिलिंद_वाचक
मोजा. सोयरिकीपण मोजा.