कॅमेऱ्याला डाग कळत नाही

पन्नाशीपुढच्यांना एआय शिकवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, असं काही जण म्हणतात. आमच्याकडे उलटं झालं.

भोसरी एमआयडीसीतल्या आमच्या मशीन वर्कशॉपमध्ये तपासणीसाठी एआय कॅमेरा बसला. पहिल्याच आठवड्यात चांगले जॉब, म्हणजे मशीनवर तयार झालेले पार्ट, धडाधड रिजेक्ट! व्हेंडरची पोरं सेटिंग बदलून बदलून थकली. तपासणीतले आमचे काका, निवृत्तीला आलेले, एक जॉब घेऊन खिडकीशी गेले, तिरका धरला, अंगठा फिरवला. "चीर नाही रे ही, कूलंटचा ओघळ सुकलाय. आधी पुसा तरी!" मशीन थंड ठेवायला सोडतात त्या द्रवाचा डाग, तेवढंच होतं. मग कॅमेऱ्याला फरक शिकवायला तीन आठवडे काका फोटोंवर 'चीर', 'ओरखडा', 'डाग' अशा खुणा करत बसले. कॅमेरा आज जे ओळखतो ते त्यांच्या नजरेनं. (पगारवाढ कॅमेऱ्याच्या एएमसीची, म्हणजे वार्षिक देखभालीच्या कराराची झाली, काकांची नाही. असो.)

ब्रिन्योल्फसन, ली आणि रेमंड या संशोधकांनी २०२३ मध्ये ग्राहकसेवेतल्या ५,००० हून जास्त कर्मचाऱ्यांचा अभ्यास मांडला. एआयच्या मदतीनं तासाला उरकणारं काम सरासरी १४ टक्के वाढलं, नवख्यांचं ३४ टक्के. मुरलेल्यांचं जवळपास जैसे थे. मुरलेला म्हणजे वयस्करच असं नाही, मान्य. पण ते टूल नवख्यांना सुचवत होतं ते मुळात निष्णात लोकांच्याच संभाषणांतून शिकलेलं.

काका मार्चमध्ये जातायत. केकची ऑर्डर कुठे द्यायची ते ठरलंय. नवा पार्ट आला की फोटोंवर खुणा कोण करणार, ते अजून नाही.