मदत हवी आहे: जुन्या रेसर सायकलला टायर बसेना, १ तारखेपासून पहिली शिफ्ट

फुलेवाडीकर (शनिवार, रात्री ९:४०)
नमस्कार. घाईत लिहितोय, समजून घ्या.
भंगारवाल्याकडनं एक जुनी रेसर सायकल उचलली, १८०० रुपयांना. बोकडाच्या शिंगागत वळलेलं हँडल, बारीक चाकं, फ्रेम लोखंडी. १ तारखेपासून शिरोली एमआयडीसीत पहिली शिफ्ट आहे, सकाळी सातची. मोटरसायकल धाकट्या भावाला दिली, तेव्हा हिवाळाभर हीच चालवायची आहे. मागचा टायर फाटला होता म्हणून ऑनलाइन नवी जोडी मागवली, साडेबाराशे गेले. एकाही चाकाला बसेना. तासभर झटलो, अंगठ्याची सालं निघाली. शेवटी चमच्याची दांडी घालून बघितली तर चमचा वाकला, आणि आईनं बघितलंय.
काय करावं? लवकर सांगा.

दोनचाकी (९:५२)
टायर कुठल्या मापाचा मागवला? चाक कुठल्या मापाचं? सायकल कुठल्या कंपनीची?

फुलेवाडीकर (९:५८)
टायर रेसर सायकलचाच आहे. कंपनी माहीत नाही, भंगारवाल्यानं सगळ्याला चंदेरी रंग मारलाय, अगदी पायंडलाला पण.

दोनचाकी (१०:०३)
'रेसर सायकलचा' हे माप नाही भाऊ. टायरच्या बाजूला आकडे असतात ते वाचा आणि इथे लिहा.

पुणेरी पायंडल (१०:१५)
माझा स्वानुभव सांगतो. अशा सायकलींवर पैसे घालू नका. घालायचेच असतील तर सरळ ७०० मापाची अलॉय चाकं बसवा, दुहेरी भिंतीच्या रिमची. लोखंडी रिम दवात ओली झाली की ब्रेक दाबून उपयोग नसतो, सायकल पुढे जातच राहते. मी २०१४ पासून अलॉयवर आहे. सहा-सात हजारांत काम होईल.

फुलेवाडीकर (१०:२१)
सायकल १८०० ची आहे हो.

टोरांटोकर (१०:४८)
मी इथे उणे वीसमध्ये सायकल चालवतो. हिवाळ्यासाठी जुनी स्वस्त सायकलच बरी, कारण रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते चेन खाऊन टाकतं. दोन गोष्टी कराच: खिळे बसवलेले टायर घ्या, आणि रोज घरी आल्यावर कोमट पाण्याने मीठ धुवून काढा.

पांढरा रस्सा (१०:५३)
आमच्याकडं मीठ रश्श्यात टाकतात, रस्त्यावर न्हाई. कोल्हापुरात कसला उणे वीस, चौदा-पंधराला गेलं तरी लोकं शेकोटी करून बसत्यात.

फुलेवाडीकर (११:०५)
आकडे सापडले. नव्या टायरवर ७०० × २८ आणि खाली बारीक २८-६२२. जुन्या पुढच्या टायरवर २७ × १ १/४. मागचा जुना टायर कचऱ्याच्या गाडीत गेला. सत्तावीस आणि अठ्ठावीसमध्ये एकाचाच फरक आहे ना? ताणून बसेल का?

उद्यमनगर अण्णा (रविवार, सकाळी ६:१०)
बाळा, ताणून बसत नाही. टायरच्या कडेत पोलादी तार असते, ती ताणत नसते. आणि तो २८ म्हणजे टायरची जाडी, मिलिमीटरमध्ये, त्याचा सत्तावीसशी काही संबंध नाही. मोठ्या नावावर जाऊच नकोस, बारीक आकडा बघ. टायरची कड रिमवर जिथं बसते तिथला तो व्यास. ७०० चा व्यास ६२२ आणि २७ वाल्याचा ६३०. आठ मिलिमीटर कमी असलेला टायर तू चमच्यानं चढवत होतास. चमचा बिचारा काय करणार.
नाव फसवं का, तेही सांगतो. आपल्या दूधवाल्याच्या काळ्या सायकलचा टायर २८ × १ १/२, त्याचा व्यास ६३५. आणि २८ × १ ५/८ × १ ३/८ असं लांबलचक नाव असलेला टायर निघतो ६२२ चा. दोन्हीला 'अठ्ठावीस'च म्हणतात.
२७ × १ १/४ चा टायर शोध, त्यावर ३२-६३० असेल. मिळतो अजून, बिंदू चौकाच्या बाजूला जुनी दुकानं आहेत तिथं विचार. आणि मला एवढं सांग, दोन्ही चाकांना तारा, म्हणजे स्पोक, किती?

फुलेवाडीकर (७:३०)
धन्यवाद अण्णा! आज दुकानं उघडली की जातो. तारा कशाला मोजायच्या?

उद्यमनगर अण्णा (७:३४)
मोज म्हटलं तर मोज.

सौ. कात्यायनी (८:१५)
टायरचं मला कळत नाही. पण पहाटे साडेपाच-सहाला निघणार असाल तर कान झाका आणि स्वेटरच्या आत छातीला वर्तमानपत्र लावा. आमचे हे तीस वर्षं साखर कारखान्यात सायकलने जात होते, रोज पेपर आत घालून. वारं आत शिरत नाही. घरी आल्यावर तोच पेपर वाचायचे.

पन्हाळा दर रविवारी (९:२०)
आत्ताच पन्हाळ्यावरून उतरलो. जुन्या रेसरला पुढं ५२ दात्यांचं चेनव्हील असतं, त्यावर वाघबीळच्या पुढं गुडघे जातात. पुढं ४२ आणि मागं २० करून घ्या. मी तसंच केलंय, आता थांबावं लागत नाही.

दोनचाकी (९:२६)
त्यांना शिरोलीला जायचंय. पन्हाळ्याचं कोणी विचारलं?

पन्हाळा दर रविवारी (९:३१)
एकदा सायकल झाली की जाणारच की.

उसाचा फड (११:४०)
शिरोलीला जाताय तर टायर-बियर नंतर बघा, आधी मागचा लाल दिवा घ्या. पहाटे पंचगंगेच्या पुलावर धुकं असतं आणि कारखाने सुरू आहेत. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. पुढची ट्रॉली गेली म्हणून आपण आत येतो आणि दुसरी अंगावर येते. रस्त्यात पडलेली कांडी बारीक चाकाखाली आली तर सायकल आडवीच.

पांढरा रस्सा (११:४६)
ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावायला काय होतंय?

उसाचा फड (११:५५)
माझ्याच दोन ट्रॉल्या आहेत. रिफ्लेक्टर लावलेत. फडातनं बाहेर पडेपर्यंत चिखलानं माखतात. रात्री दोनला भरून निघालेला ड्रायव्हर फडकं घेऊन पुसत बसतो का?

पांढरा रस्सा (१२:०२)
पुसावं की मग. माणूस मेल्यावर पुसणार?

दोनचाकी (१२:०५)
धागा टायरचा आहे मंडळी.

फुलेवाडीकर (रविवार, रात्री ८:५०)
डोकं फिरायची वेळ आलीय. तीन दुकानं पालथी घातली. तिसऱ्यानं माळ्यावरनं २७ × १ १/४ ची जोडी काढून दिली, वर बोटभर धूळ. पुढच्या चाकाला टायर अंगठ्यानं बसला, दहा मिनिटांत. मागच्याला बसेना! तीच जोडी, तोच आकडा. एक बाजू जेमतेम चढते, दुसरी चार बोटं राहते ती राहतेच. टायर डिफेक्टिव्ह असेल का? परत करू?

पुणेरी पायंडल (९:०२)
म्हणूनच म्हटलं होतं, ७०० ची अलॉय चाकं.

उद्यमनगर अण्णा (९:१०)
तारा मोजल्यास का?

फुलेवाडीकर (९:२४)
मोजल्या बाबा. पुढं ३६, मागं ४०.

उद्यमनगर अण्णा (९:४५)
हां. आता बाकीचं बघ आणि एकेक सांग.
मागच्या चाकाच्या अक्सलवर नट आणि फ्रेमच्या मध्ये वायसर किती आहेत? खालच्या तिरक्या नळीवर गियरचे खिट्टे होते त्याची काही खूण दिसते का? मागचं मडगार्ड आहे का? आणि मागच्या ब्रेकचे गुटके काढून बघ, कसे झिजलेत.

फुलेवाडीकर (१०:२०)
वायसर एका बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला दोन. नळीवर पट्टी आहे, तिला दोन्हीकडं आट्याची भोकं, खिट्टे नाहीत. मडगार्ड पुढचं आहे, मागचं नाही, नुसती त्याची क्लिप लोंबकळतेय.
गुटक्याची गंमत आहे. वरचा अर्धा भाग झिजून गुळगुळीत झालाय आणि खालचा अर्धा नवाच्या नवा. मध्ये कड तयार झालीय, नखाला लागते. दोन्हीकडं तसंच.

उद्यमनगर अण्णा (१०:४१)
मग टायर परत करू नकोस, टायरची चूक नाही. तुझं मागचं चाक ह्या सायकलचं नाहीच.
सायकल मुळात गियरची. मागचं चाक कधीतरी गेलं आणि कुणीतरी दूधवाल्याच्या सायकलचं घातलं. मागं ४० तारा ही काळ्या सायकलची खूण, तिला पुढं ३२ आणि मागं ४० असतात. तिचा हब, म्हणजे चाकाचा मधला तुंबा, अरुंद, गियरच्या फ्रेममध्ये ढिला पडतो, म्हणून पाच वायसर. टायर दीड इंची, तो मडगार्डला घासायला लागला म्हणून मडगार्ड काढलं. रिम ६३५ ची, म्हणजे कड अडीच मिलिमीटर वर सरकली, पण गुटके जुन्याच उंचीवर ठेवले. वरचा अर्धा रिमवर आणि खालचा अर्धा हवेत.
ती कड आधी कानशीनं घासून सपाट कर. नाहीतर एक दिवस ती रिमच्या खाली अडकेल आणि ब्रेक सुटणार नाही. मग गुटके खाचेत वर सरकवून पूर्ण रिमवर आण.

दोनचाकी (१०:४८)
अण्णा, मानलं!

पुणेरी पायंडल (१०:५५)
निदान बरोबर आहे, पण उपाय माझाच. दोन्ही चाकं बदला.

उद्यमनगर अण्णा (११:०७)
हल्लीच्या ७०० च्या मागच्या हबची रुंदी १३० मिलिमीटर आणि ही जुनी फ्रेम बहुतेक १२० ची. फ्रेम फाकवावी लागेल. शिवाय चाक लहान, ब्रेकचे गुटके चार मिलिमीटर खाली यायला पाहिजेत, खाच तेवढी नसेल तर ब्रेकही नवे. तो पोरगा १८०० ची सायकल घेऊन आलाय.

पुणेरी पायंडल (११:१२)
लोखंडी फ्रेम फाकवता येते. आम्ही करतो.

उद्यमनगर अण्णा (११:१५)
येते की. उद्यमनगरात लेथवर तुम्हाला सायकलपण करून देतील. त्याला १ तारखेला कामावर जायचंय.

फुलेवाडीकर (११:२०)
म्हणजे मी आता करू काय? एका ओळीत सांगा.

उद्यमनगर अण्णा (११:३२)
मागं २८ × १ १/२ चा साधा काळा टायर घाल. कुठल्याही सायकल दुकानात मिळतो.
दुसरी ओळ पण वाच. पुढच्या २७ च्या लोखंडी रिमला आत वाकलेली कड नाही, टायर धरून ठेवायला काही नसतं. सत्तर पीएसआयच्या वर हवा भरू नकोस. पेट्रोल पंपावरच्या नळीनं तर नकोच.

जुनं ते सोनं (सोमवार, सकाळी ७:०५)
आमच्या वडिलांची अ‍ॅटलस होती, डायनामोवाली. दिवा लावला की सायकल जड व्हायची, पण उजेड कसा पिवळाधमक. अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला तो ३ जून २०२० ला, नेमका जागतिक सायकल दिनी. त्या दिवशी वडिलांना सांगितलं नाही. फुलेवाडीकर, सायकल विकायची असेल तर कळवा.

फुलेवाडीकर (सोमवार, रात्री ९:१५)
विकायची नाही!
टायर बसला! मागं दूधवाल्याचा, पुढं रेसरचा, बोकडाच्या शिंगाखाली म्हशीचं ढुंगण. चालते पण झकास. गुटके घासून वर घेतले, आता ब्रेक लागतो. रंकाळ्याला एक फेरी मारून आलो. दुकानदारानं ओव्हरऑइलिंग करून चाकाचा आऊट पण काढून दिला. लाल दिवा घेतला. ७०० ची जोडी परत घेत नाहीत, कुणाला पाहिजे असेल तर सांगा.
एकच राहिलं. पायंडल मारताना दर फेरीला टक् टक् होतंय. आधीपासून होतं, सांगायचं राहिलं.

दोनचाकी (९:२०)
डावीकडे की उजवीकडे?

पांढरा रस्सा (९:२२)
इंजिनाचं काळं ऑइल सोडा, गप बसतंय.

दोनचाकी (९:२५)
काळं ऑइल अजिबात नको. त्यात धातूचा कीस असतो आणि हिवाळ्याची धूळ चिकटून चेनची कानस होते.

पांढरा रस्सा (९:२८)
आमच्या आजोबांनी जन्मभर तेच घातलं.

फुलेवाडीकर (९:३०)
डावीकडं. पाय खाली गेला की टक्.

उद्यमनगर अण्णा (९:४४)
कॉटर ढिला आहे. क्रँक, म्हणजे पायंडलाचा दांडा, अक्सलवर ज्या तिरप्या पिनेनं बसते ती. तशीच चालवलीस तर पिनेचा सपाट भाग खाल्ला जाईल आणि एक दिवस क्रँक गरकन फिरेल. नवा कॉटर घे, बहुतेक साडेनऊ मिलिमीटरचा. जुना काढताना नट पूर्ण काढू नकोस, आट्यांच्या टोकापर्यंत आण, नाहीतर हातोडा थेट आट्यांवर बसेल. आणि क्रँकच्या खाली जाड पाईपचा तुकडा उभा लाव, जमिनीपर्यंत टेकलेला, कॉटरचं डोकं पाईपच्या पोकळीत येईल असा. पाईप नसली तर हातोड्याचा सगळा मार आतल्या छर्ऱ्यांना बसतो. रात्रीच थोडं डिझेल सोडून ठेव. मग एकच घाव, पण पक्का.

फुलेवाडीकर (मंगळवार, रात्री १०:०५)
अण्णा, कॉटर निघत नाही. पन्नासेक घाव घातले. आता टक् टक् बरोबर करकर पण यायला लागलीय.

उद्यमनगर अण्णा (१०:०७)
खाली पाईप लावली होतीस?

फुलेवाडीकर (१०:१९)
आईनं धरली होती सायकल.