वाडा सोडतोय, नातवंडांसाठी कुठल्या जुन्या वस्तू ठेवू?

रविवारपेठेची_आजी

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही दोघं ४१ वर्षं जुन्या नाशकात वाड्यात राहिलो, आता यांना जिना झेपत नाही म्हणून दिवाळीनंतर इंदिरानगरला टू बीएचकेमध्ये जातोय. माळा खाली काढला तर सगळं घरभर पसरलंय. पितळेचा सोऱ्या, पुरणयंत्र, उखळ, जातं, तांब्याचं घंगाळ, सासूबाईंचं पायाचं शिलाई मशीन, मापं, लोखंडी पेट्या आणि काय काय. मुलगा म्हणतो आई सगळं मोडीत दे, नवीन घरात पाय ठेवायला जागा उरणार नाही, आणि त्याचंही बरोबरच आहे.

पण माझा जीव अडकलाय तो नातवंडांमुळे. मुलाचा मुलगा ९ वर्षांचा, मुलगी ५ वर्षांची, आणि लेकीचा छोटा दीड वर्षाचा. मे महिन्यात पुण्याहून आले की आधी मी कॉलेज रोडवरून खेळणी आणून ठेवायचे, रिमोटची गाडी, ब्लॉक्स वगैरे. दोन दिवसांत ती कोपऱ्यात. आणि मग मुलांचं सुरू होतं. बटणांचा डबा ओतायचा आणि रंगाप्रमाणे, भोकांप्रमाणे रांगा लावायच्या, दोन भोकांची एकीकडे चार भोकांची दुसरीकडे, त्यात तास जातो. गच्चीवर कुरडया वाळत घातल्या की धाकटी काठी घेऊन राखण बसते आणि अर्ध्या ओल्याच खाऊन टाकते. मागच्या वर्षी तिला चिंच आणि मीठ दिलं आणि भांडी बाजारातून घेतलेला काळा पडलेला तांब्या दिला, तो बोट फिरवेल तिथे लाल-गुलाबी व्हायला लागला तर ती किंचाळलीच, मग घरातलं एक तांब्याचं भांडं सोडलं नाही तिने.

तर मला सांगा, जागा एक कपाट आणि बाल्कनीचा कोपरा एवढीच आहे. काय ठेवू आणि काय जाऊ देऊ? तुमच्याकडे नातवंडं कशात रमतात?

गंगापूररोडकर

काकू, बाकी काही द्या पण मापं देऊ नका, हात जोडून सांगतो.

आमच्याकडे वडिलांच्या वेळचा सेट आहे, चिपटं, मापटं, शेर, अधोली आणि पायली. मेट्रिक मापं १९५८ पासून लागू व्हायला लागली त्याआधी सगळं धान्य यावरच मोजलं जायचं. मी नातवाला (तेव्हा ७ वर्षांचा) काहीच शिकवलं नाही, फक्त एक परात, भरपूर ज्वारी आणि मापं दिली आणि पेपर वाचत बसलो. थोड्या वेळाने ओरडत आला, आबा दोन चिपटी ओतली की मापटं बरोब्बर भरतं! मग दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली, हे त्याचं त्यानेच शोधलं. मग मी विचारलं पायलीत चिपटी किती, तर गडी दुपारभर ओतत बसला, मध्ये मोजणी चुकली म्हणून परत पहिल्यापासून, आणि १६ आल्यावर जो चेहरा होता त्याचा. शाळेतली दुपटीची गणितं त्याला आवडायची नाहीत हो, तीच हाताने सापडली.

ज्वारी सांडते, घरातून बोलणी बसतात. खाली जुनी चादर अंथरा म्हणजे झालं.

आणि कवड्या असतील तर त्याही ठेवा. नसल्या तर चिंचोके मधोमध फोडून चार अर्धुकं घ्यायची, एक बाजू पांढरी एक काळी. खडूने २५ घरांचा पट फरशीवर काढायचा की चल्लस-आठ सुरू.

सिडकोची_मावशी

शिलाई मशीन ठेवा!! सुई काढायची आणि चामडी पट्टाही काढायचा. आमच्या नातीसाठी ती एसटी आहे, खाली बसून पायडलवर दोन्ही हात, पायडलशेजारचं मोठं चाक म्हणजे स्टेअरिंग, आणि "सीबीएस, शालिमार, पंचवटी" करत भाऊ तिकिटं फाडतो. वर नऊवारी टाकली की तेच घर होतं. वरचा पाट टेबल म्हणून वापरा, जागा वाया जात नाही.

आजोळ_नाशिक

आजी, मी नात आहे म्हणून त्या बाजूने लिहिते. आता २८ वर्षांची आहे, बंगलोरला असते, पण माझं आजोळ तुमच्याच भागात होतं, तो वाडा आता नाही.

उन्हाळ्यात दुपारी जेवणं झाली की आजोबा माजघराच्या रस्त्याकडच्या खिडक्या घट्ट लावून घ्यायचे, उन्हाची झळ येऊ नये म्हणून, आणि आम्हाला सक्तीने झोपवायचे. एका झडपेला गाठ निघून वाटाण्याएवढं भोक पडलेलं होतं. एकदा मी झोपेचं सोंग घेऊन पडले होते आणि समोरच्या भिंतीवर काहीतरी हललं. नीट बघितलं तर एक माणूस उलटा, डोकं खाली पाय वर, चालत गेला. मग सायकल गेली तीही उलटी. मी घाबरून आजोबांना उठवलं तर ते रागावले नाहीत, उठून त्यांनी त्यांचं पांढरं धोतर दोरीवर ताणून धरलं भोकाजवळ, चित्र लहान पण एकदम लखलखीत झालं, मागे नेलं की मोठं आणि फिकं. म्हणाले उजेड सरळ रेषेत जातो, वरचा किरण भोकातून खाली येतो आणि खालचा वर जातो, कॅमेऱ्याच्या आत हेच चालतं. त्यानंतर आमचा रोजचा सिनेमा सुरू झाला, भेळवाला कोण पहिला ओळखतो याची पैज असायची, आणि रस्त्यावर उजवीकडे जाणारा भिंतीवर कुठे जाणार हे आधी सांगायचं.

आता पुरणयंत्राबद्दल. त्याची जाळी काढून उन्हात धरा, जमिनीवर गोल गोल ठिपके पडतात, ते सगळे सूर्याची चित्रं असतात. हे मला खरं वाटायचं नाही. २६ डिसेंबर २०१९ ला सकाळी सूर्यग्रहण होतं, नाशकातून खंडग्रास दिसलं, मी आजीकडेच होते, आणि आजीच्या जाळीखाली अंगणात प्रत्येक ठिपक्याची चंद्रकोर झाली होती, पन्नासेक कोरी एकदम. आजीने हातावर घेतल्या. सूर्याकडे मान वर करून बघायची गरजच पडली नाही.

जाळी ठेवाल ना आजी? ती कपाटात सहज मावते.

दोन_मुलांची_आई

सगळं वाचून छान वाटलं पण काकू, छोटा दीड वर्षाचा आहे म्हणून काळजीपोटी लिहिते, आमच्या घरी एक प्रसंग थोडक्यात निभावलाय.

बटणं, चिंचोके, कवड्या, शेंगदाणे हे त्याच्या हाताला लागता कामा नये. घशात अडकतं. सोपा अंदाज सांगते, टॉयलेट पेपर संपल्यावर जी पुठ्ठ्याची नळी उरते त्यातून जी वस्तू आत जाते ती तीन वर्षांखालच्या मुलाला द्यायची नाही. मोठी दोघं खेळत असतील तेव्हा छोटा दुसऱ्या खोलीत, आणि खेळ संपला की डबे मोजून वर.

सगळ्यात वाईट म्हणजे रिमोट, घड्याळ, वजनकाटा यातले चपटे गोल सेल. अन्ननलिकेत अडकले तर दोन तासांत आतून भाजायला लागतं. माळ्यावरच्या डब्यांत जुने सेल पडलेले असतात, आत्ताच चाळून काढा. गिळला असं नुसतं वाटलं तरी वाट बघायची नाही, लगेच हॉस्पिटल, गाडी नसेल तर १०८.

लोखंडी पेट्या ठेवणार असाल तर कडी काढूनच ठेवा. लपाछपीत मुलं आत बसतात आणि वरून कडी पडली तर आतून उघडत नाही. डांबरगोळ्या, पानाच्या डब्यातला चुना (डोळ्यात गेला तर डोळा जातो), अडकित्ता, हे बाहेरच. आणि पितळी भांड्याची कल्हई गेली असेल तर भातुकलीत ताक किंवा चिंचेचं पाणी त्यात करून पिऊ देऊ नका.

धाकटीला आवडेल असं एक सांगते. पांढऱ्या फडक्याला हळद लावून वाळवायची, त्यावर साबणाच्या पाण्याने बोटाने चित्र काढलं की लाल उमटतं, वर लिंबू पिळलं की परत पिवळं. चुना न वापरता होतं.

रविवारपेठेची_आजी

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, यांनाही वाचून दाखवलं. पेट्यांचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, आजच कड्या काढायला लावल्या. औषधांच्या डब्यात खरंच तीन जुने सेल निघाले, अंगावर काटा आला.

मापं, जाळी, मशीन, बटणं, दोन तांबे ठेवतेय. घंगाळ आणि मोठी पातेली जाऊ देतेय. जात्याचं मात्र ठरत नाही. तळमजल्याचा फ्लॅट आहे पण ते दोघांना उचलत नाही.

गंगापूररोडकर

जातं बाल्कनीत भिंतीलगत कायमचं बसवा, हलवायचंच नाही. वरची तळी एकटं मूल उचलू शकत नाही, पण खुंटा धरून दोघं समोरासमोर बसली की फिरते. भाजलेले तांदूळ मूठमूठ घालायला द्या, त्या पिठीची उकड करा. स्वतः दळलेली उकड मुलं ताटात टाकत नाहीत.

रविवारपेठेची_आजी

ठरलं मग, जातं येतंय.

एक सांगायचं राहिलं. काल व्हिडिओ कॉलवर नातवाला विचारलं, तुला वाड्यातलं काय हवंय? मला वाटलं मशीन म्हणेल. तो म्हणाला आजी, दिंडी दरवाजाची कडी. ती वर सरकवून खटकन पाडायची, हे तो दोन वर्षांचा असल्यापासून करतो, आल्याआल्या आणि निघताना. मला हे रोज दिसत होतं आणि ते खेळणं आहे हे कळलंच नव्हतं.

दार काही नेता येत नाही. पण सुताराला बोलावून विचारलं, तो म्हणाला कडी-कोयंडा सोडवून सागाच्या फळीवर बसवून देतो, दोन फुटी फळी पुरेल. बाजूला थोडी जागा उरतेय, तिथे धाकटीसाठी काय बसवावं? खिडकीची खिट्टी आहे, एक पितळी साखळी आहे. तिचा हात कुठवर पोचतो ते बघून उंची सांगायचीय त्याला, तो गुरुवारी येतोय.