सम्राटाचा प्रचार दिसेल असं रोमन चांदीचं नाणं सुचवा (बजेट १०० पौंड)

तळेगावकर: लंडनला असतो. एकच देनारियस (रोमनांचं रोजचं चांदीचं नाणं) घ्यायचंय, सम्राट उघडउघड स्वतःची टिमकी वाजवतोय असं. १०० पौंडांवर एक पेनीही नाही.

जुनाबाजार: सम्राट वेस्पाशियनचं 'जुडिया' घे, ज्यूंचं बंड मोडल्याची फुशारकी. विजयस्तंभाखाली शोक करत बसलेली ज्यू बाई. माझ्याकडे आहे, नाकसुद्धा झिजलेलं नाही. शंभरात नाही मिळणार, पण बजेट वाढव की.

नाशिककर_काका: पहिला सम्राट ऑगस्टस, त्याचं गायस-लुसियसवालं बघ. दोन नातू ढाल-भाले घेऊन उभे, म्हणजे हे माझे वारस. एक इ.स. २ मध्ये गेला, दुसरा ४ मध्ये! आपल्याकडेही ही नाणी सापडतात. खरं तर रोम कशाला? १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला क्षत्रप राजा नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी निघाली. त्यातल्या नऊ हजारांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन गौतमीपुत्राने आपला ठसा मारलेला. शत्रूच्या तोंडावर शिक्का!

तळेगावकर: काका, रोमन विचारलंय.

विरोधी_सूर: प्रचार-बिचार झूट. नव्या नोटेवर मागे चष्मा आहे, किती जणांनी निरखून पाहिलाय?

भिंगवाला: सैनिकांचा पगार चांदीत व्हायचा, ते बघणारच. सेनापती मार्क अँटनीने अ‍ॅक्टियमच्या लढाईआधी प्रत्येक लीजनचा (सैन्याच्या तुकडीचा) आकडा घालून नाणी पाडली ती उगाच? झिजलेलं शंभरात बसेल. काहीही घे, पण आधी वजन विचार. नीरोनंतरचं साधारण साडेतीन ग्रॅमच्या आत-बाहेर हवं. आणि कड बघ, आत तांबं वर चांदीचा पत्रा असली नाणी रोमन काळातही चालायची.

जुनाबाजार: वेस्पाशियनच घे.

पैसा_वसूल: सम्राट सेव्हेरसचं घ्या, स्वस्त. निम्मंच चांदी, पण थापा भरपूर. आधीचा लोकप्रिय सम्राट मार्कस ऑरेलियस १८० साली वारला, याने १९५ च्या सुमारास स्वतःला त्याचा मुलगा ठरवून नाण्यावर तसं छापलं. मला मात्र एका विक्रेत्याने ओतीव नक्कल गळ्यात मारली होती. पावती घ्याच.

नाशिककर_काका: कड बघ, वजन विचार.

तळेगावकर: घेतलं! सेव्हेरसच्या धाकट्या मुलाचं, गेटाचं. पोरगेला चेहरा, मागे 'तरुणांचा नायक' ही पदवी. २११ साली सख्ख्या भावाने, काराकालाने मारलं, शिलालेखांवरून नाव खरवडून काढलं. नाण्यावर मात्र आहे. साठ पौंड.

जुनाबाजार: गेटा?? मग विचारलंस कशाला? उरलेल्या चाळिसात भर घालून वेस्पाशियन आलं असतं.